टॅम्पा, दुपारी दोनच्या आत

शनिवार, १४ जून २०२५

वरदाचं नाव या वहीत पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेलं बोंबलत! बाबांनीच काढलं. तेही टोस्टला बटर लावता लावता.

सप्टेंबरमध्ये त्यांची गोल्फची चौकडी फ्लोरिडाला जाणार. बाबा, शशीकाका, राजकाका आणि त्यांच्या हॉस्पिटलातले कोणी एक गुप्ते. तर गुप्त्यांचा गुडघा गेला. चौथा माणूस नाही. बाबा म्हणाले, "तू चल. नाहीतरी तुला काय काम आहे?"

आई म्हणाली, "अहो, नीट बोला ना त्याच्याशी."

"नीटच बोलतोय. बोलावतोय ना?"

जानेवारीत मी युनिव्हर्सिटी सोडली, तेव्हापासून बाबा माझ्याशी आईच्या मार्फत बोलतात. सरळ माझ्याकडे बघून एवढं लांब वाक्य आज पहिलंच. तरी मी नाहीच म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात म्हणाले, "टॅम्पाच्या आसपासचे कोर्स शोध. तुला कळतं त्यातलं. शशीला पोरीला भेटायचंय."

शशीकाकांची पोरगी म्हणजे वरदा.

"बघतो," म्हणालो. आवाज नॉर्मल होता. बहुतेक.

रविवार, १५ जून

टॅम्पा! टॅम्पा! टॅम्पा!

गुरुवार, १९ जून

आमच्या एजवेअरहून बसने दहा-पंधरा मिनिटांवर ड्रायव्हिंग रेंज आहे, गोल्फचे फटके सरावायचं मैदान. तिथे मी लोकांनी मारलेले बॉल गोळा करतो. पिंजरा लावलेली गाडी चालवायची आणि लोक मुद्दाम गाडीवरच नेम धरतात. बाबांचा जोक — "इकॉनॉमिक्स सोडून गोळे गोळा करतो." ठीक आहे. करतो. संध्याकाळी फुकट खेळायला मिळतं. हँडिकॅप चारवर आलाय, जितका कमी तितका खेळ चांगला. बाबांचा सतरा आहे, हे आपलं नुसतं लिहून ठेवतो!

मी युनी का सोडली हे सगळे विचारतात. कारण मला तिथे श्वास घेता येत नव्हता. कारण गोल्फमध्ये काहीतरी करता येईल असं वाटत होतं. कारण प्रोफेसरशी भांडण झालं आणि मी लॅपटॉप उचलून निघालो तो परत गेलोच नाही. तिन्ही खरं आहे.

आणि पुढच्याच महिन्यात वरदाचा मेसेज — 'मिहीर, मला हे आता नाही जमणार. प्लीज भांडू नकोस.' ती तोवर टॅम्पाला मास्टर्स करत होती. समुद्री कासवं! ऑगस्टपासून तिकडे. तरी सगळं नीट चाललं होतं. रोज बोलायचो. म्हणजे हिशेब सरळ आहे. मी कॉलेज सोडलं, तिने मला सोडलं. डॉक्टरची मुलगी, अर्धवट पोरगा कशाला ठेवेल?

बरं झालं मराठीत लिहितो. तिला बोलता येतं पण वाचता येत नाही. जन्म इथला, इंग्रजांच्या देशातला. 'माझा आठवण येतो का तुला' असं विचारायची. मी कधी सुधारलं नाही. आठवण तिची आहे, तिला हवं ते लिंग लावू दे!

मंगळवार, २४ जून

तीन संध्याकाळी फक्त कोर्स शोधले.

ऑफ-सीझन म्हणजे काय ते आता कळलं. हिवाळ्यात निम्मी गारठलेली अमेरिका तिकडे गोल्फ खेळायला उतरते, तेव्हा टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळायची मारामार. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत उकाडा, डास, वादळं. मग जे क्लब जानेवारीत गेटमधून आत डोकावू देत नाहीत तेच "या हो या" करतात. मस्त. पण वेबसाइटवरचे फोटो सगळे हिवाळ्यातले. त्यांच्यावर विश्वास ठेवला की मेलात. कारण गर्दी नसते तेव्हाच ते ग्रीन्सना, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीला, भोकं पाडतात — मातीला हवा लागावी म्हणून — आणि वरून वाळू पसरतात. तसल्या ग्रीनवर बॉल होलकडे हळूच ढकलणं, पट मारणं, म्हणजे तीळ लावलेल्या भाकरीवर गोटी घरंगळवणं. बॉल उड्या मारत कुठेही जातो. म्हणून फोन करून विचारायचं, की भोकं कधी पाडली.

दुसरी गोष्ट म्हणजे वीज. दुपारी दोनच्या सुमाराला रोज वादळ येतं. भोंगा वाजतो, सगळ्यांनी मैदान सोडायचं. म्हणजे खेळ सकाळी लवकर. दुपारचं स्वस्त बुकिंग म्हणजे निव्वळ फसवणूक.

हे सगळं अभ्यास म्हणून लिहिलं. खरं काय केलं ते असं — नकाशावर आधी वरदाच्या फ्लॅटवर पिन टाकली. मग तिच्याभोवती गोल काढला. गोलाच्या आत जे कोर्स येतात तेवढेच बघितले.

रविवार, २९ जून

आज इथे चौकडीची प्रॅक्टिस. मी पहिल्यांदाच चौथा.

काय गोंधळ घालतात ही माणसं! पुढे दोन इंग्रज आजोबा शांतपणे चाललेत आणि मागून राजकाका ओरडतायत, "रव्या, अरे भूल देतोयस का बॉलला? मार की!" बाबा भूलतज्ज्ञ आहेत. हा जोक वीस वर्षं चालू असावा. बाबाही दरवेळी नव्याने चिडतात.

बॉल होलच्या अगदी जवळ असला की समोरच्याने पट सोडून द्यायचा, न मारताच पडला असं धरायचं, अशी रीत आहे. यांच्यात त्याला 'दिलं' म्हणतात. राजकाका कधी देत नाहीत — "आधी टाक, मग बोल." शशीकाका सगळ्यांना देतात. चार फुटांवरून सुद्धा! बाबा म्हणतात, "शश्या, असा वाटत सुटलास तर जिंकणार कधी?" काका म्हणतात, "जिंकून घरी कोणाला सांगू?"

सुलक्षणाकाकू गेल्यापासून काका इल्फर्डच्या घरात एकटेच असतात.

अकराव्या होलनंतर ते माझ्या बरोबरीने चालायला लागले. ट्रॉली ढकलत म्हणाले, "तुमचं काय झालं ते मी विचारणार नाही. पण कधी बोलते का रे तुझ्याशी?"

"नाही काका."

"माझ्याशी बोलते. कासवांची खुशाली कळते. तिची विचारली की म्हणते, बाबा, बिझी आहे." थोडं चालले. "कासवांबरोबर काम करणारा माणूस एवढा बिझी कसा असतो?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं. पण त्यांनी त्या होलवर तीन शॉट वाया घालवले.

शनिवार, ५ जुलै

बुक केलं!!

पाचपैकी तीन राउंड एकाच कोर्सवर. त्याला मी मगरवाला म्हणतो. सातव्या होलच्या तळ्यात मगर आहे, वेबसाइटवर तिचा फोटोही आहे. वरदाच्या फ्लॅटपासून गाडीने सहा मिनिटं. तिच्या घरून समुद्राकडे जाणारा रस्ता अकराव्या होलच्या सुरुवातीला, टीला, लागूनच जातो. नकाशात दिसतं. ती सायकलने जाते.

म्हणजे एखाद्या सकाळी मी टीवर उभा असेन आणि ती —

फोनवरचा माणूस भला होता. म्हणाला, सर, तुम्ही येताय त्याच आठवड्यात आमच्या ग्रीन्सना भोकं पाडलेली असतील, आधीच सांगतो. मी म्हटलं, चालेल. तो म्हणाला, नक्की? लांबून येताय. मी म्हटलं, नक्की.

चौकडीला सांगायची काय गरज? सतरा हँडिकॅपवाल्यांना कुठे फरक कळतो!

शनिवार, १२ जुलै

राहवलं नाही. पाठवला मेसेज. 'सप्टेंबरमध्ये टॅम्पाला येतोय. बाबांबरोबर. एकदा भेटशील?' साधं. सभ्य.

दोन दिवस काही नाही. आज उत्तर आलं — 'तूपण?'

तूपण! बस, एवढंच. मी मग लिहीत सुटलो. लिहू नये ते सगळं. की मी बदललोय. की कॉलेजचं एवढं असेल तर परत जाईन. की तुला लाज वाटत होती माझी तर सरळ सांगायचं होतंस. की तुझ्यासाठी मी काय नाही केलं! मॅच नसली की सरळ तुझ्याकडे यायचो, घरीसुद्धा जायचो नाही आधी. बर्फ पडला होता तो दिवस आठवतो का? कोर्स बंद, ट्रेन बंद, आणि आपण एजवेअर स्टेशनजवळ त्या कॅफेत दिवसभर एकाच चहावर. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो.

तिचं उत्तर — 'मिहीर, प्लीज.'

फोन भिंतीवर फेकला. आई वर आली. "काय पडलं?" म्हटलं, पुस्तक. तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "पुस्तकाची काच गोळा कर, पायात जाईल."

रविवार, २० जुलै

शशीकाकांनी इल्फर्डला बोलावलं. म्हणाले, ये, कोर्सची यादी दाखव, पोहे करतो.

पोहे चांगले होते. लिंबू आधीच पिळून ठेवलेलं, म्हणजे सकाळपासून तयारी. हॉलमध्ये एक मोठी बॅग उघडी पडली होती. यादीकडे त्यांनी बघितलंसं केलं. तीनदा विचारलं, अजून घे ना. मग चहा. मग परत चहा. मला कळेना एवढं काय आहे.

शेवटी मीच म्हटलं, "काका, काही बोलायचंय का?"

"नाही रे." मग म्हणाले, "वरदाचा फोन होता."

"बरं."

"तू येणारेस का विचारत होती."

मूर्ख मी! चेहरा उजळला असणार माझा, कारण काकांनी मान खाली घातली. म्हणाले, "ती म्हणते... तू येणार असशील तर ती त्या आठवड्यात गावात नसेल. फील्डवर्कला जाईन म्हणते, दक्षिणेला." आणि लगेच, घाईघाईने — "पण तू ये हं. तू यायचंसच. इतकी मेहनत घेतलीयेस. मी काय, डिसेंबरमध्ये जाईन कधीतरी. मला काय घाई आहे?"

ते मला पट सोडून देत होते. चार फुटांवरून.

आणि मी काय केलं? ओरडलो. त्यांच्यावर! "मी काय रोग आहे का? साथ आलीये का माझी? एक कॉलेज सोडलं म्हणून माणूस एवढा घाण होतो?" काका म्हणत होते, "अरे बाळा, बस, ऐक तर —" मी बसलो नाही. कप तसाच. बूट हातात घेऊन बाहेर आलो आणि त्यांच्या पायरीवर बसून घातले. दाराच्या काचेतून ते उभे दिसत होते. दार उघडलं नाही त्यांनी. माझी लाज राखली.

ट्रेनमध्ये समोरच्या बाईने टिश्यू दिला. घेतला.

सोमवार, २१ जुलै

जाणारच मी. ती गाव सोडू दे नाहीतर देश सोडू दे.

शुक्रवार, २५ जुलै

आई मेथी निवडत होती. मीही बसलो. निवडता निवडता म्हणाली, "शशीभाऊजींचा फोन आला होता. भाजणीचं प्रमाण विचारत होते."

"भाजणी? काकांना कशाला?"

"वरदाला चकल्या आवडतात म्हणून. स्वतः करून नेणारेत. दोनदा बिघडल्या, तेलात विरघळल्या म्हणे." एक जुडी संपवली. "तू ओरडलास ते नाही सांगितलं त्यांनी. मला त्यांच्या आवाजावरून कळलं. म्हणाले, तिला भेटलो नाही तर पार्सलने पाठवीन, टिकतील ना वहिनी?"

मी पुढची जुडी ओढली.

"वर्ष झालं रे त्यांनी तिला बघून. नाताळला नाही आली. काकूंच्या वर्षश्राद्धालाही नाही आली."

म्हणजे ती उघडी बॅग वरदाकडे न्यायची. मला वाटलं होतं, गोल्फचे कपडे.

मेथी निवडताना आई माझ्याकडे बघत नाही हे एक बरं आहे.

शनिवार, २ ऑगस्ट

बाबांना सांगितलं, मी येत नाही.

"का?"

कारण सांगितलं तर ते शशीकाकांशी बोलणार. मग काका म्हणणार, नाही नाही, मिहीर येऊ दे. मग तेच परत. म्हणून म्हटलं, "मूड नाही."

बाबांनी चष्मा काढला. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणाले, "अर्धवट सोडणं ही तुझी सवयच झालीये का रे?" आणि मग आईला, मी तिथेच उभा असताना — "सीमा, राजच्या जावयाला विचारतो म्हणावं. तो खेळतो."

परत आईच्या मार्फत.

जिन्यावर जाऊन बसलो. भिंतीला एक बुक्की मारली. हात सुजलाय. भिंत ठीक आहे.

रविवार, १० ऑगस्ट

मगरवाला कॅन्सल. तिन्ही राउंड. फोनवर तोच माणूस. म्हणाला, "चांगलं केलंत सर, मला वाईट वाटत होतं तुमच्यासाठी." कोणाला तरी वाटत होतं!

आता नीट करायचं ठरवलं. काकांचं मुलीशी भेटणं नीट झालं पाहिजे, आणि त्यासाठी तिघांचं खेळणं नीट झालं पाहिजे. नाहीतर राजकाका कुरकुरत सगळ्यांना लांबच्या कोर्सवर ओढत नेतील आणि दिवस जाईल. वरदाच्या जवळचे पण चांगले कोर्स, हे दोन्ही जमवायचं. पूर्वी मी फक्त जवळचे बघत होतो.

गेला आठवडाभर रोज संध्याकाळी फोन. तिकडे दुपार असते, वादळामुळे मैदान रिकामं, प्रो शॉपमधली, म्हणजे क्लबच्या दुकानातली, माणसं कंटाळलेली. त्यामुळे भरपूर बोलतात! वेबसाइटवर जे नसतं ते सगळं सांगतात. एका दुकानातली बाई, आवाजावरून आजी, म्हणाली, "हनी, आम्ही जूनमध्येच भोकं पाडली, सप्टेंबरमध्ये ग्रीन अगदी गालिचा. पण नऊनंतर येऊ नका, भाजून निघाल." मी विचारलं, बरोबर साठीची माणसं आहेत, सावली आहे का? ती म्हणाली, "पहिल्या नऊ होल्सना पाइनची झाडं आहेत, ती आधी खेळवते मी त्यांना. आणि दर तिसऱ्या होलला बर्फाचं पाणी." बाबांचं ब्लडप्रेशर सांगितलं तेव्हा म्हणाली, बग्गी ग्रीनपर्यंत न्यायची परवानगी देते.

असे चार मिळाले. पाइनवाला त्यातला सगळ्यात सुंदर. एक समुद्राजवळचा. तिथे वारा आहे, काकांचा बॉल खाली राहतो, त्यांना जमेल. एक प्रायव्हेट क्लब, जो हिवाळ्यात आमच्यासारख्यांना दारात उभं करत नाही. आणि एक छोटा, म्युनिसिपालिटीचा, राजकाकांसाठी. तिथे बंकर, वाळूचे खड्डे, कमी आहेत!

मला हे येतं. खरंच येतं. हे कोणीतरी बघायला हवं होतं.

शनिवार, ३० ऑगस्ट

शशीकाका घरी आले. इल्फर्डच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. मी दारातच वाकून नमस्कार केला, म्हटलं, "काका, त्या दिवशीचं..." त्यांनी पाठीवर थाप मारली. "कुठल्या दिवशीचं? पोहे तिखट झाले होते, मला आठवतंय."

मी न येण्याचं कारण त्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. फक्त एकदा माझा अजूनही थोडा सुजलेला हात हातात घेऊन, हाडांचे डॉक्टर ना, बोटं एकेक दाबून बघितली आणि म्हणाले, "मोडलं नाहीये. दुखेल थोडे दिवस."

मग वेळापत्रक दाखवलं. दिवसाचं एक पान. पहाटे किती वाजता निघायचं, कुठे नाश्ता मिळतो, कुठल्या होलला जपून. दीडपर्यंत खेळ आटोपतो. दोनला भोंगा. आणि दोननंतर, पाचही दिवस, रंगीत चौकोनात — 'वरदा'. एकही सकाळ वाया जात नाही, एकही दुपार रिकामी नाही. वादळात नाहीतरी काही करता येत नसतं! मला तर वाटतं याहून चोख प्लॅन कोणी केला नसता.

काका पान उलटत राहिले. "पाचही दिवस?" म्हणाले.

"पाचही दिवस, काका."

त्यांनी चष्मा पुसला. "आत्ता नाही पाठवत तिला. आधी पाठवलं तर म्हणेल बिझी आहे. तिकडे उतरलो की पाठवतो." आणि आईला — "वहिनी, पोराने बघा काय केलंय!"

बाबा सोफ्यावरून बघत होते. काका गेल्यावर ती पानं उचलली. पूर्ण वाचली. "वारा पश्चिमेकडून येतो हे कुठे मिळालं तुला?" विचारलं.

मला! सरळ मला!

"फोन करून विचारलं."

"हं," म्हणाले. बाबांचं 'हं' काय असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

वर येऊन मात्र रडलो. कारण सगळ्या पानांवर तिचं नाव मी स्वतः टाइप केलं होतं, पाच वेळा, आणि एकाही चौकोनात मी नव्हतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर

त्यांना विमानतळावर सोडलं. चार गोल्फ बॅगा आमच्या गाडीत बसवणं हीच एक स्पर्धा. राजकाकांचा जावई मदत न करता व्हिडिओ काढत होता. चांगला आहे, दात फार दाखवतो.

काकांनी चकल्यांचा डबा हातातच ठेवला. चेक-इनच्या मुलीने विचारलं, हा पण बॅगेत टाकायचा का? "नो नो," म्हणाले, "धिस इज फॉर डॉटर." एवढी वर्षं हॉस्पिटलात कन्सल्टंट डॉक्टर होते, तरी वरदाचं म्हटलं की त्यांचं इंग्रजी घसरतं.

बाबा जाताना म्हणाले, "आईकडे बघ." मग परत वळून, "आणि तो येत्या जानेवारीचा युनीचा फॉर्म अजून भरता येतो. बघ. सक्ती नाही."

घरी येताना गाडीत कोणी नव्हतं, म्हणून तिचं नाव मोठ्याने घेतलं. एकदाच. बरं वाटलं नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ग्रुपवर फोटो. पाइनवाला. ग्रीन खरोखर गालिचा! राजकाकांनी लिहिलंय, 'मिहीर, मान गए.' बाबांनी एक अंगठा. बाबांचा पहिला अंगठा!

काका एकाही फोटोत नाहीत. दोननंतरच्या तयारीत असतील.

तिने त्यांना मिठी मारली असेल का? कुठला ड्रेस असेल? चकली खाल्ली असेल. विरघळली नसेल ना?

शनिवार, १३ सप्टेंबर

काकांचा फोन. वरदा आली नाही. आजवर एकाही दुपारी नाही. ते रोज सकाळचा खेळही टाकून तिच्या दारापाशी गाडीत बसून राहिले, वर पाऊस.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून टाकतो — आनंद. मी तिथे नाही, तरी आली नाही. म्हणजे कारण मी नव्हतो!

मग त्यांनी तिचा मेसेज वाचून दाखवला. उतरल्यावर वेळापत्रक पाठवलं, त्यावर तासाभरात आलेला. इतके दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी. 'बाबा, वीज पडते आणि खेळता येत नाही, त्या वेळात मी. मिहीरने बनवलंय ना हे? बघितल्या बघितल्या ओळखलं. दोन वर्षं मी त्याची याच वेळातली होते. मैदान बंद झालं की तो यायचा. मला आता तसं कोणाचंच व्हायचं नाही. तुमचंही नाही.'

काका म्हणाले, "हे काय लिहिलंय रे तिने? तू कॉलेज सोडलंस म्हणूनच तुटलं ना तुमचं?"

"हो काका," म्हणालो. "म्हणूनच."